ग्रीष्मचर्या : धारागृहापासून पत्र्याच्या खोलीपर्यंत

ग्रीष्म ऋतुचर्या हा विषय बी.ए.एम.एस.च्या पहिल्या वर्षापासून आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. परीक्षेत त्यावर टीप येते, आपण ती लिहितो, आणि पुढे व्यवसायात तिचा उपयोग 'थंड खा, उन्हात फिरू नका' एवढ्या दोन वाक्यांपुरता उरतो. वाग्भटांनी वर्णिलेली ग्रीष्मचर्या पुन्हा एकदा सावकाश वाचली, तर ती एका संपन्न नागरकाची चर्या आहे हे चटकन लक्षात येते. दुपारी उंच शाल-ताल वृक्षांच्या आणि द्राक्षांच्या घोसांच्या सावलीत विश्रांती, नाही तर धारागृहात निद्रा; सुगंधी शीतल जलाने भिजविलेली वस्त्रे सभोवती टांगलेली; अंगाला चंदन, गळ्यात मोत्यांचे हार; रात्री चांदण्यात गच्चीवर शयन. आमच्या बागलाण तालुक्यात द्राक्षांचे घोस पुष्कळांच्या शेतात आहेत, धारागृह मात्र कोणाकडेही नाही. आमच्याकडे येणारा बहुसंख्य रुग्ण पत्र्याच्या खोलीत राहतो. वातानुकूलन यंत्र त्याच्या आवाक्यात नाही, आणि ज्यांच्या आवाक्यात आहे त्यांचेही यंत्र वीज गेली की बंद पडते. अशा रुग्णास ग्रीष्मचर्या कशी लिहून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभी कालाचा विचार करणे आवश्यक आहे. शास्त्रातील मासगणनेनुसार चैत्र-वैशाख हा वसंत व ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म. परंतु सटाण्यात उष्णतेचा कहर होतो तो एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे पंचांगातील वसंतात. मासाकडे पाहून वसंतचर्या सांगणारा चिकित्सक व्यायाम, तीक्ष्ण-रूक्ष द्रव्ये व वमन यांचा उपदेश करील आणि रुग्णाचे उरलेसुरले बलही हरण करील. ऋतू हा लक्षणांवरून ओळखावयाचा असतो. आम्ही तर एक पाऊल पुढे जाऊन असे म्हणू की, उष्णतेची लाट हा केवळ ग्रीष्म नसून ग्रीष्माचा अतियोग आहे. चरकाचार्यांनी कालाचाही अतियोग, अयोग व मिथ्यायोग सांगितला आहे, त्यात तो नेमका बसतो. हवामान खात्याची व्याख्याही याच विचाराच्या जवळ जाते. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असून ते त्या स्थानाच्या सरासरीपेक्षा ४.५ अंश वा अधिक वाढले, अथवा तापमान थेट ४५ अंशांवर गेले, की लाट मानतात. म्हणजे तेथेही 'त्या स्थानाच्या नित्यापेक्षा किती अधिक' हा प्रश्न मुख्य आहे.

दुसरा मुद्दा दोषांचा. उन्हाळा म्हणजे पित्त, हे समीकरण जनमानसात इतके दृढ आहे की आपल्यापैकीही अनेकजण त्याच भाषेत बोलतात व औषधी दुकानांतून मार्च ते जून पित्तशामक औषधांचीच विक्री होते. वस्तुतः ग्रीष्मात कफाचा क्षय व वाताचा संचय सांगितला आहे. पित्ताचा संचय वर्षेत आणि प्रकोप शरदात. उष्णतेमुळे दाह, तृष्णा ही पित्तसदृश लक्षणे दिसतात हे खरे. पण मूळ अवस्था स्नेह व द्रव यांच्या शोषणाची, बलहानीची व मंदावलेल्या अग्नीची आहे. हा भेद केवळ पुस्तकी नाही. पित्त समजून जो रुग्ण दिवसभर बर्फाचे पाणी, बर्फाचा गोळा आणि वर कोरडे फरसाण यांवर राहतो, तो शीत व रूक्ष अशा दोन्ही गुणांनी वाताचाच संचय वाढवितो. पहिला पाऊस पडताच सांधे धरले, पोट फुगले म्हणून येणाऱ्या रुग्णांना उन्हाळ्यात काय घेत होतात, असे अवश्य विचारावे. ग्रीष्मातील अन्न मधुर, शीत, द्रव याबरोबर स्निग्धही असावे, असे शास्त्र म्हणते. यातील 'स्निग्ध' हा शब्द आपण उपदेशातून गाळतो.

येथेच आणखी एका प्रथेविषयी स्पष्ट लिहावेसे वाटते. मुलांना सुट्टी व नोकरदारांना रजा असते म्हणून मे महिन्यात पंचकर्म शिबिरे भरविण्याची पद्धत पडली आहे. अतिशीत, अतिउष्ण व अतिवृष्टीच्या काळात आत्ययिक अवस्था वगळता शोधन करू नये, असा शास्त्राचा निर्देश आहे. भर लाटेत स्वेदनपेटीत बसविलेला रुग्ण बरा वाटतो असे सांगत असेल, तरी आम्हाला ते पटत नाही.

घराची चिकित्सा

सटाण्याची उन्हाळी हवा कोरडी असते व दिवस-रात्रीच्या तापमानात मोठे अंतर पडते. आपल्याकडे यंत्राविना जे काही साधते ते या दोन गोष्टींमुळे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते आणि हवा जितकी कोरडी तितकी वाफ लवकर होते. भिजविलेल्या वस्त्रांचे वर्णन करणाऱ्या ग्रंथकारांना हे अनुभवाने ठाऊक होते. त्यांनी सांगितलेले पंखेसुद्धा जलतुषार उडविणारे आहेत, कोरडे नाहीत. आधुनिक मतही येथे जुळते. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर कोरड्या अंगावर सोडलेला विजेचा पंखा शरीराला थंड करण्याऐवजी तापवू शकतो, म्हणून अशा वेळी केवळ पंख्यावर विसंबू नये असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. अंग ओले असेल, ओला पंचा खांद्यावर असेल, तर तोच पंखा उपकारक ठरतो. रुग्णास 'पंख्याखाली बसा' न सांगता 'हातपाय, मान, छाती ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली बसा, दर अर्ध्या तासाने पुन्हा पुसा' असे सांगावे. वीज नसेल तेव्हा विंझणा पाण्यात बुडवून घ्यावा.

वाळ्याची ताटी किंवा पडदा मिळाला तर उत्तम, अन्यथा जुने सुती लुगडे अथवा गोणपाट वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीवर लावून भिजवावे. समोरची खिडकी थोडी उघडी हवी. सर्व बाजूंनी बंद खोलीत ओलावा कोंडतो आणि उकाडा वाढतो. पाण्यावर चालणाऱ्या कूलरलाही हाच नियम. तरीही पाण्याचा प्रश्न आहेच. आरम नदीचे पात्र एप्रिलमध्ये कोरडे दिसू लागले आणि टँकरच्या खेपा सुरू झाल्या की पडदे भिजवा हा सल्ला काहींना क्रूर वाटतो. अशा घरी भांडी-कपडे धुतलेले पाणी पडद्यास चालते, आणि पाणी फारच थोडे असेल तर ते पडद्यावर न घालता अंगावरील फडक्यास वापरावे. थोड्या पाण्याने माणूस थंड होतो, खोली होत नाही.

हा उपाय सर्वत्र लागू नाही हेही ध्यानी असू द्यावे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या उघड्या मैदानावरील समारंभानंतर १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशीचे तापमान आमच्या भागात कोणी विशेष मानले नसते. परंतु किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यात तासन्‌तास ऊन अंगावर घेतलेले. कोकणात वा मुंबईत राहणाऱ्या नातेवाइकांना आपला ओल्या पडद्याचा उपाय दूरध्वनीवरून सांगणाऱ्या रुग्णांना आम्ही थांबवतो. तेथे सावली, वाहता वारा व वारंवार स्नान यांवर भर द्यावा.

पत्रा हा आपला खरा शत्रू. खानदेश-बागलाणात पूर्वी धाब्याची घरे असत, लाकडी पाटणीवर मातीचा जाड थर. ती दुपारी उशिरापर्यंत तापत नसत. ती पडली आणि त्या जागी पत्रे आले. पत्र्यावर उन्हाळ्याच्या तोंडी चुन्याचे दोन हात दिल्यास ऊन परावर्तित होते व खोलीतील ताप जाणवण्याइतका उतरतो. अहमदाबाद महानगरपालिकेने मे २०१० च्या लाटेत मोठी प्राणहानी झाल्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, त्या शहरात पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम याच तत्त्वावर झाले. मक्याचा कडबा वा उसाचे पाचट पत्र्यावर पसरण्याची पद्धतही चांगली, मात्र खाली चूल असेल तर आगीचे भय असते. तेथे चुनाच बरा. खिडक्या सकाळी आठ-नऊनंतर बंद, सूर्यास्तानंतर सताड उघड्या. यात एक अडचण स्त्रियांची व एकट्या वृद्धांची आहे. चोराचिलटांच्या भीतीने ते रात्रीही दारे-खिडक्या लावून घेतात, आणि दिवसभर तापलेली खोली रात्रभर निवत नाही. फ्रान्समध्ये २००३ च्या लाटेत सुमारे १५,००० माणसे दगावली. त्यांत वृद्धांची संख्या फार मोठी होती, त्यातील पुष्कळ एकटे राहणारे होते, आणि तेथील रात्रीही उष्ण होत्या. आपल्या गल्लीतील एकटे वृद्ध रात्री कोठे निजतात, ही चौकशी चिकित्सकाने अवश्य करावी. शेजारच्या ओसरीवर त्यांची खाट पडली तर ते औषधापेक्षा मोठे काम आहे.

कांद्याचे शेत आणि पंधरा दिवस

उन्हाळ कांद्याची काढणी मार्च अखेरीपासून मेपर्यंत चालते आणि लाट नेमकी तेव्हाच येते. कांदा उपटणे, पात कापणे, वाहून चाळीत भरणे ही सर्व कामे उघड्यावर व वाकून करावयाची. त्यात काम उक्ते घेतलेले असले की मजूर दुपारची विश्रांती घेत नाहीत. जितके एकर उरकतील तितके पैसे. शास्त्राने दिवास्वापाचा एरवी निषेध केला असून केवळ ग्रीष्मात त्यास अनुमती दिली आहे, कारण रात्री लहान असतात आणि आदानकाळात शरीर रूक्ष होते. दुपारी लिंबाखाली घेतलेली झोप हा आळस नसून चिकित्सा आहे, हे शेतमालकास वैद्याने सांगितले तर ते ऐकले जाते. आमच्या सांगण्यावरून काही बागायतदारांनी पहाटे साडेपाचला काम सुरू करून अकराला थांबविण्यास व चारनंतर पुन्हा लावण्यास सुरुवात केली. उक्त्याचा दर बदलला नाही, कामही तितकेच झाले.

याहून महत्त्वाचा मुद्दा पहिल्या पंधरवड्याचा. वाग्भटांनी ऋतुसंधी म्हणजे सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येत्या ऋतूचा पहिला आठवडा, असे चौदा दिवस सांगितले व त्यात जुनी चर्या क्रमाक्रमाने सोडून नवी क्रमाक्रमाने धरावी असे म्हटले. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही उष्णतेत काम करणाऱ्या शरीरास जुळवून घेण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात असे मानते. या काळात घाम लवकर व अधिक येऊ लागतो, त्यातील क्षार कमी होतो, हृदयावरील ताण उतरतो. कामाच्या ठिकाणचे गंभीर उष्माघात मोठ्या प्रमाणात पहिल्या काही दिवसांतच होतात. म्हणून डोंगरपट्ट्यातून नव्याने आलेला मजूर, आजारातून उठलेला मनुष्य, शहरातून सुट्टीवर आलेला विद्यार्थी यांना पहिल्या दिवशी पूर्ण काम देऊ नये, चार-पाच दिवसांत वाढवीत न्यावे. दोन शास्त्रांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच कालावधी सांगावा, हे आम्हाला फार उद्बोधक वाटते.

पान, लवण आणि दुकानातील बाटली

ग्रीष्मात लवण व अम्ल कमी करावे असे ग्रंथ सांगतात, तर आजचे वैद्यक क्षार-साखरेचे पाणी द्या म्हणते. हा विरोध वरवरचा आहे. ग्रंथातील पुरुष सावलीत बसलेला आहे. कांदा काढणाऱ्या स्त्रीचा घाम दिवसभर गळतो आहे व त्यातून लवण जात आहे. जो घाम गाळतो त्याला मीठ द्यावे, जो घरी बसून आहे व ज्याचा रक्तदाब अधिक आहे त्याला देऊ नये. शेतावर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण पुरते. मीठ अंदाजाने मूठभर टाकण्याची सवय मोडावी. पातळ ताक, कैरीचे पन्हे, नागलीची आंबील ही आपल्याकडची पेये याच कामाची आहेत.

घरी बसणाऱ्यांसाठी सातूचा मंथ सर्वांत समर्पक. सातूचे पीठ थोड्या तुपात चोळून थंड पाण्यात घुसळावे, फार पातळ नको, फार दाट नको, वर खडीसाखर. यात शीत, द्रव, मधुर व स्निग्ध हे चारही गुण येतात. धान्यक हिम आणखी सोपा: एक भाग भरडलेले धने सहा भाग पाण्यात रात्रभर भिजत घालून सकाळी गाळून साखरेसह द्यावे, अंतर्दाह व तृष्णेवर शार्ङ्गधरांनी तो सांगितला आहे. उन्हाळी लागलेल्या रुग्णासही आम्ही तोच देतो. षडंगपानीय देताना लाटेच्या दिवसांत शुंठीऐवजी धने घ्यावेत, असा आमचा प्रघात आहे. खर्जुरादि मंथातील द्राक्षा व दाडिम तर आमच्या बांधावरचीच. मधुमेही रुग्णास मात्र साखर वगळून धने-वाळ्याचे पाणी किंवा ताक द्यावे. 'आयुर्वेदिक सरबत आहे, चालते' हे वाक्य दुकानातून कधीही उच्चारले जाऊ नये. उशीरासव, चंदनासव ही औषधे आहेत, तहानेची पेये नव्हेत. त्यांत संधानजन्य मद्य असते, आणि ग्रीष्मात मद्य वर्ज्य, घ्यावयाचेच तर अल्प व पुष्कळ पाण्यासह, हा नियम त्यांनाही लागू धरावा.

औषधी विक्रेत्यांना आणखी एक विनंती. आकर्षक खोक्यांतील गोड पेये 'ओआरएस' या नावाने वर्षानुवर्षे विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. खऱ्या चूर्णाच्या पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असतो. एक लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ व १३.५ ग्रॅम ग्लुकोज. ग्राहकाने नाव मागितले तरी वस्तू पाहून द्यावी.

आत्ययिक अवस्था

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हा समज कांद्याच्या या मुलखात अर्थातच पक्का आहे. कांदा खाण्यास आमची हरकत नाही, खिशातील कांद्याने मात्र काही होत नाही. ऊन लागलेल्या रुग्णात एक गोष्ट प्रथम पाहावी: भान. डोके दुखते, मळमळते, पोटऱ्यांत गोळे येतात, परंतु बोलणे सुसंगत आहे, अशा रुग्णास सावली, ओले अंग व घोट घोट द्रव पुरते. बोलण्यात विसंगती, झोक जाणे, झटके, बेशुद्धी यांसह अंग कढत असेल, तापमान १०४ अंश फॅरनहाइट वा अधिक असेल, तर तो उष्माघात होय. त्वचा कोरडीच असली पाहिजे असे नाही. कष्ट करताना झालेल्या उष्माघातात घाम वाहत असू शकतो, आणि या एका गैरसमजामुळे वेळ जातो. हा ज्वर नव्हे. आमदोषाचा संबंध नाही, म्हणून लंघन-पाचनाचा क्रम नाही, आणि ताप उतरविणाऱ्या गोळ्यांचाही उपयोग नाही. सुश्रुतांनी उष्णवातातपदग्ध अवस्थेत सदैव शीत विधी करण्यास सांगितले आहे. आजचे मतही आधी थंड करा, मग हलवा, असेच आहे. कपडे सैल करून डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतावे, वारा घालावा, बर्फ असेल तर मान, काखा व जांघा यांत ठेवावा, बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चंदनलेप, प्रवाळपिष्टी, कामदुधा हे सारे नंतरचे.

आमच्याकडे एका उन्हाळ्यात साठीची एक शेतमजूर स्त्री टेम्पोतून आणली गेली. शेतात ती असंबद्ध बोलू लागताच सोबतच्या बायकांनी मोटर सुरू करून पाइपाखाली तिला निजविले होते, वाटभर ओल्या लुगड्याने झाकून वारा घालीत होत्या. ती दारात आली तेव्हा नाव सांगत होती. रुग्णालयात पाठविण्यापलीकडे आम्हाला फारसे काही करावे लागले नाही. तेव्हापासून दर मार्चमध्ये मजुरांच्या टोळ्यांना हे करून दाखविण्यासाठी आम्ही एक सकाळ राखून ठेवतो.

दुकानाविषयी थोडे. मूत्रल औषधे, रक्तदाबावरील काही औषधे, सर्दी-खाजेच्या गोळ्या व मानसिक विकारांवरील काही औषधे यांनी शरीराची उष्णता सोसण्याची शक्ती घटते. रुग्णाने ती स्वतःहून बंद करू नयेत. पण लाटेच्या दिवसांत मात्रेविषयी आपल्या डॉक्टरांना विचारण्यास विक्रेत्याने सुचवावे. पत्र्याच्या दुकानात सर्वांत वरचा कप्पा सर्वाधिक तापतो. तेथून गुग्गुळाच्या वट्या, जिलेटिनच्या कॅप्सूल, घृते व अवलेह खाली आणावेत आणि तेथे रिकामी खोकी ठेवावीत, तीही उष्णता अडवितात. घरी शीतकपाट नसलेल्या मधुमेही रुग्णास इन्सुलिन देताना मातीची दोन भांडी सांगावीत. मोठ्यात ओली वाळू, त्यात लहान मडके, मडक्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेली कुपी, वर ओले फडके, आणि हे सारे सावलीत पण वाऱ्यावर. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवावी.